एकदा जाळावे, दोनदा वापरावे

पालघर जिल्ह्यातील डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र मुंबईच्या उपनगरांसाठी उभारले गेले. वीज तिकडे गेली. राख व धूर जिल्ह्याच्या वाट्याला आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९९ साली धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. ती कार्यान्वित होण्यास २००७ साल उजाडले. मात्र धुराइतकीच गंभीर अशी दुसरी नासाडी डोळ्यांना दिसत नाही. ती उष्णतेची.

कोळशातील उष्णतेपैकी साधारणतः एकतृतीयांशच विजेत उतरते. उरलेली बव्हंशी वाफ थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. टर्बाइन फिरवून झालेली वाफ उपयोगात आणली, तर सत्तर-ऐंशी टक्के उष्णता कामी येते. डेन्मार्कमध्ये अशा उष्णतेवर घरे उबदार राहतात. कोकणच्या हवेत घरांना तिची गरज नाही. तारापूरच्या कापड व रसायन कारखान्यांना मात्र वाफ रोज लागते आणि त्यासाठी बॉयलरांत वेगळे इंधन जळते.

डहाणूची वाफ तारापूरपर्यंत नेणे व्यवहार्य नाही. इतक्या अंतरात ती निवते. तेव्हा जेथे वाफ लागते तेथेच सामायिक केंद्र उभारून वीज ही तिची जोडकमाई समजावी. राज्यातील अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडावर हेच करीत आले आहेत. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतही आधी वाफेची गरज मोजावी, मगच निर्णय घ्यावा. अनेक धुराड्यांपेक्षा एका धुराड्यावर देखरेख ठेवणेही सोपे. कोळसा जाळणे अटळ असेल, तर निदान त्याच्याकडून दोन्ही कामे करून घेणे हे शासनाचे व उद्योजकांचे कर्तव्य ठरते.