महाजालाची मापे कोणाच्या हाती?

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या आपल्या ब्राउझरला अधिकृतपणे निरोप दिला. १९९५ साली जन्मास आलेले हे साधन एके काळी जगातील बहुतेक संगणकांवर होते. तरीही त्याच्या जाण्याने संकेतस्थळे बांधणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना हळहळ वाटली नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वासच टाकला. त्यामागे वाया गेलेल्या श्रमांची आठवण होती. परंतु एक मक्तेदार गेला एवढ्याने मक्तेदारी गेली असे होत नाही. महाजालाची मापे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न आज अधिक बिकट रूपाने उभा आहे. तो केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असेही नव्हे. परीक्षेचा अर्ज, निवृत्तिवेतनाचा दाखला, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीची यादी हे सारे आता संकेतस्थळांच्या दारातून मिळते. ते दार कोणत्या किल्लीने उघडावे हे कोण ठरवतो, याच्याशी सामान्य नागरिकाचा थेट संबंध आहे.

मानकाचे महत्त्व ते नसले म्हणजे कळते. कुर्डुवाडीला एके काळी साडेपाच फुटी रूळ संपून बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ सुरू होत. तेथे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. हमाली, वेळ आणि फूटतूट यांचा खर्च रेल्वेच्या हिशेबात वेगळा दिसत नसे. तो अखेर शेतकऱ्याच्या आणि ग्राहकाच्या माथी येई. १९९२ साली हाती घेतलेल्या ‘युनिगेज’ प्रकल्पाने सारे रूळ एका मापाचे करण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागील अर्थशास्त्र इतके साधे होते. महाजालावरही असेच रूळ असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत.

या रुळांचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने मार्च १९८९ मध्ये महाजालाची मूळ कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याची संगणकप्रणाली कोणतेही मूल्य न घेता सर्वांस खुली केली. ऑक्टोबर १९९४ मध्ये मानके ठरविण्यासाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापन झाली. मात्र या संस्थेच्या निर्णयांना नाव दिले गेले ते ‘शिफारशी’ असे, आणि ते अन्वर्थक होते. तिच्यापाशी ना दंड करण्याचा अधिकार, ना अंमलबजावणीची यंत्रणा. मानक लिहिणे तिच्या हाती. ते पाळणे न पाळणे ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्यांच्या मर्जीवर.

कंपन्यांची मर्जी कशी चालते हे लवकरच दिसून आले. १९९५ नंतर नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात जे युद्ध जुंपले, त्यात प्रत्येकाने आपापल्या सोयीच्या खुणा आणि आज्ञा प्रचारात आणल्या. ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल’ अशा पाट्या त्या काळी पानोपानी झळकत. एक साधे उदाहरण पुरेसे आहे. मजकुराची एक चौकट २०० बिंदू रुंद, तिच्या आत दोन्ही बाजूंस दहा-दहा बिंदूंची मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंस पाच-पाच बिंदूंची किनार आहे असे समजू. डिसेंबर १९९६ च्या मानकानुसार त्या चौकटीने एकूण २३० बिंदू व्यापावेत. विंडोजवरील एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती मात्र मोकळी जागा आणि किनार त्या २०० मध्येच धरीत असे. परिणामी एका ब्राउझरमध्ये नीट बसलेले पान दुसऱ्यात विस्कटे. यांतील कोणते माप अधिक सोयीचे हा वाद निराळा. पुढे मानकातच दुसऱ्या पद्धतीचीही सोय करण्यात आली. दोन्ही मापे शहाणपणाची असू शकतात. बाजारात एकाच वेळी, एकाच नावाने दोन मापे चालणे मात्र शहाणपणाचे नसते.

या गोंधळाचा भार कोणी वाहिला? ज्या कंपन्यांनी तो निर्माण केला त्यांनी नव्हे. तो वाहिला संकेतस्थळे बांधणाऱ्या हजारो तरुणांनी. एकच पान दोनदा बांधायचे, मग चुका झाकण्यासाठी युक्त्या शोधायच्या, नवी आवृत्ती आली की त्या युक्त्या पुन्हा मोडायच्या, हा त्यांचा दिनक्रम झाला. १९९८ साली अशाच तंत्रज्ञांनी ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ नावाची चळवळ उभारली. ब्राउझरांच्या या बेबनावामुळे संकेतस्थळ उभारण्याचा खर्च किमान एक चतुर्थांशाने वाढतो, असा तिचा दावा होता. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही खासगी लाभासाठी समाजावर लादलेल्या खर्चाची स्वच्छ घटना होय. कारखान्याचा धूर जसा मालकाच्या ताळेबंदात दिसत नाही, तसे हे श्रमही कोणाच्याच ताळेबंदात दिसले नाहीत.

युद्ध संपले ते मानकांच्या विजयाने नव्हे, तर एका पक्षाच्या पाडावाने. आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट देऊन मायक्रोसॉफ्टने नेटस्केपची बाजारपेठ काबीज केली. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये खटला भरला; २००१ साली अपील न्यायालयाने कंपनीचे विभाजन करण्याचा आदेश रद्द केला, परंतु तिने मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडला. प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून सुधारणाही उरली नाही. जगाने एकाच कंपनीच्या उणिवांना मानक समजून पाच वर्षे काढली.

एका मापावर विसंबून राहण्याची किंमत दक्षिण कोरियाने सर्वांत अधिक मोजली. १९९० च्या दशकात सांकेतिकीकरणाच्या प्रबळ तंत्रावर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध असल्याने कोरियाने स्वतःची पद्धत विकसित केली, आणि ती केवळ एक्सप्लोररमध्येच चालणाऱ्या ‘ॲक्टिव्ह-एक्स’ या जोडणीतून वापरात आणली. बँकेचा व्यवहार, खरेदी, सरकारी दाखले हे सर्व त्या एका ब्राउझरशी जखडले गेले. बाकीचे जग पुढे गेल्यावरही तेथील नागरिकांना जुने साधन सोडता येईना. त्या व्यवस्थेचा आधार असलेल्या अधिकृत प्रमाणपत्रांचे कायदेशीर वर्चस्व डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आले. एका तात्कालिक सोयीचे ओझे देशाने दोन दशके वागवले.

आज परिस्थिती वरवर सुधारलेली दिसते. २००४ साली आलेल्या ‘फायरफॉक्स’ने कोंडी फोडली, त्याच वर्षी ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांनी एकत्र येऊन मानकांचे रखडलेले काम पुढे नेले. २०२२ पासून ‘इंटरऑप’ या उपक्रमात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला दरवर्षी आपसांतील तफावतीची ठरावीक स्थळे निवडून ती दूर करतात. प्रतिस्पर्ध्यांनी एका मेजाभोवती बसून रूळ जुळवावेत, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू आहे. २००८ साली गूगलने ‘क्रोम’ आणला. आज जगातील ब्राउझर-वापराचा साधारण दोन तृतीयांश भाग त्याच्याकडे आहे. ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये स्वतःचे इंजिन टाकून क्रोमचेच इंजिन स्वीकारले. दुकानांच्या पाट्या निराळ्या, पण माल एकाच गिरणीचा, अशी ही अवस्था आहे. उरलेल्यांपैकी ॲपल आपल्या फोनच्या बळावर टिकून आहे, तर मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश गूगलशीच केलेल्या करारातून येतो. यातून उत्पन्न होणारी सत्ता किती सहज वापरता येते हे वृत्तपत्रांनी अनुभवले आहे. २०१५ साली गूगलने पाने बांधण्याची ‘एएमपी’ नावाची निराळी पद्धत जाहीर केली. मोबाइलवरील शोधात ठळक बातम्यांच्या पट्टीत झळकायचे तर ती पद्धत स्वीकारणे भाग होते. अनेक वृत्तसंस्थांनी आपल्या पानांच्या दुहेरी आवृत्त्या बांधल्या. २०२१ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. अट घालणारा एक, काढणारा तोच. श्रम मात्र इतरांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने शोधसेवेतील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. परंतु क्रोम विकण्याची सरकारची मागणी सप्टेंबर २०२५ मध्ये अमान्य झाली.

यावर असे म्हटले जाते की, एकच इंजिन असेल तर तरुण तंत्रज्ञाचे श्रम वाचतील. मानक हवे होते, ते आपोआप मिळाले. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी फसवा आहे. शेर आणि पायली जाऊन किलो व लिटर आले ते १९५६ च्या कायद्याने. सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याची पायली सर्वांनी प्रमाण मानावी, असा मार्ग तेव्हा कोणी सुचवला नाही. व्यापाऱ्याची पायली त्याच्या सोयीने लहानमोठी होते. प्रमाणित माप बदलायचे तर सर्वांसमक्ष बदलावे लागते. एकरूपता आणि मानक यांतील फरक नेमका हाच आहे.

मराठी वाचकाला हा फरक नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. संगणकावर देवनागरी आली तेव्हा प्रत्येक फाँट-विक्रेत्याची अक्षरांची मांडणी निराळी होती. एका फाँटमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्यात निरर्थक चिन्हांचा ढीग होई. मराठी संकेतस्थळ वाचायचे तर आधी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे, आणि मजकुरात एखादा शब्द शोधणे जवळजवळ अशक्य असे. भारताने १९८८ साली सिद्ध केलेल्या ‘इस्की’ या संकेतावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारली गेली, ‘क’ या अक्षराला २३२५ हा एकच क्रमांक जगभर मिळाला, आणि ती मांडणी जसजशी रुजली तसतसे मराठी लेखन महाजालावर सापडू लागले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला त्याच पायाचा आधार मिळाला. कोणत्याही विक्रेत्याच्या मालकीचे नसलेले माप भाषेला काय देऊ शकते, याचा हा पुरावा आहे. जुन्या फाँटांत अडकलेला मजकूर हा मालकीच्या मापाने काय नेले याचाही पुरावा आहे.

मानकांचा सर्वांत मोठा आधार दुर्बळांना असतो. अंध विद्यार्थ्याचा वाचक-संगणक पानावरील चित्राचे वर्णन वाचतो ते मानकानुसार लिहिले असेल तरच. सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून, तर भारत सरकारची संकेतस्थळांविषयीची तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. म्हणजे आता मानक हा केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

तेव्हा करावयाचे काय? सार्वजनिक पैशातून उभे राहणारे प्रत्येक संकेतस्थळ किमान दोन भिन्न इंजिनांवर, साध्या मोबाइलवर आणि अंधांच्या वाचक-साधनावर तपासल्याखेरीज त्याचे देयक अदा होऊ नये. निविदेतील ही एक अट शंभर परिपत्रकांहून प्रभावी ठरेल. महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत एखाद्या कंपनीच्या साधनापेक्षा मानकांचे मूळ दस्तऐवज वाचावयास शिकवले जावे. साधने पाच वर्षांत बदलतात, दस्तऐवजाचे वाचन आयुष्यभर पुरते. आणि तरुण तंत्रज्ञांनीही ‘माझ्या क्रोममध्ये तर चालते’ हे उत्तर पुरेसे मानू नये. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडीलधाऱ्या व्यवसायबंधूंना हेच उत्तर दुसऱ्या एका ब्राउझरच्या नावाने ऐकावे लागत होते, आणि त्याचीच भरपाई करण्यात त्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली.