खोट्या मण्याची खरी गोष्ट



दर फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो. अशा उरुसात माळांच्या दुकानावर मधाच्या रंगाची तसबी, म्हणजे जपमाळ, पाहिलीय ना? हा रंग अंबराचा. पण मणी बहुधा प्लॅस्टिकचाच असतो बरं का!

अंबर म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ, जमिनीत गाडली जाऊन कडक झालेली. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी ते पुष्कळ सापडतं. घासलं की वाळक्या गवताची काडी ओढून घेतं, म्हणून संस्कृतात त्याला नाव पडलं तृणमणी.

अस्सल अंबर फार महाग. मग १९०७ साली लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट नावाचं प्लॅस्टिक शोधलं. जुन्या घरांतली विजेची काळी बटणं असतात ना, ती याचीच. पुढे युरोपात अशा प्लॅस्टिकचे पिवळे मणी बनले आणि व्यापाऱ्यांनी ते आफ्रिकेत नेले. माली देशात फुलानी बायका मोठाले पिवळे मणी केसांत गुंफतात. त्यांत अस्सल अंबर असतं, तसे हे नकलीही असतात. वापरून वापरून ते गुळगुळीत झाले, रंगानं गडद झाले. आज हौशी लोक हे जुने नकली मणीसुद्धा मुद्दाम जमवतात.

मग ओळखायचं कसं? नुसतं घासून उपयोग नाही, कारण कंगवासुद्धा कागदाचे कपटे ओढतोच की! पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा. त्यात सुटा मणी सोडा. बुडाला, तर ते अंबर नाही. तरंगला, तर मात्र लगेच उड्या मारू नका. काही प्लॅस्टिकंही तरंगतात. तापलेली सुई टोचून बघायचा उद्योग कुणीही करायचा नाही. मणी बिघडतो आणि बोटही भाजतं.

आता खरी गंमत ऐका. मणी कधी खोटं बोलत नाही. नकली मणी अंबर म्हणून विकणारा माणूस खोटं बोलतो. म्हणून मणी जमवताना प्रत्येकाची चिठ्ठी ठेवा : कुणाचा, कुठला, कशाचा. नकली असेल तर 'नकली' असंच लिहा. आजीची माळ मात्र आजीला विचारल्याशिवाय सोडायची नाही हं! त्या माळेची गोष्ट आधी तिच्याकडून ऐका आणि वहीत उतरवून घ्या. आजीची गोष्ट विरली, तर उरतो तो नुसता प्लॅस्टिकचा गोळा.

मग, या रविवारी मिठाचं पाणी करताय ना?