एका शेताचे चार उतारे



आमच्या सोयाबीनचा उतारा दरवर्षी चार प्रकारचा येतो. विम्याच्या पंचनाम्याला एकरी तीन क्विंटल. पारावर अकरा. पोराच्या सोयरिकीची बोलणी चालू असली की चौदा. आणि घरात सात, कारण कट्टे मोजायला बायको उभी असते, तिथं काही चालत नाही.

यात धडधडीत खोटं कुणीच बोलत नाही बरं का. आपण फक्त भागाकारात हुशार. मळणी झाल्या झाल्या ओलं सोयाबीन मोजायचं. 18 टक्के ओलाव्याचे 10 क्विंटल वाळून 12 टक्क्यांवर आले की 9 क्विंटल 32 किलो राहतात. 68 किलो नुसतं पाणी, पण पारावर तेही धरायचं. मग सातबाऱ्यावरच्या क्षेत्रातून बांध, विहीर, गोठा, लिंबाची सावली, पाणी साचलेला कोपरा असं सगळं वजा करायचं आणि उरलेल्या चांगल्या तुकड्यानं भागायचं. असा उतारा खराच असतो, फक्त त्याला शेत नसतं.

दोन वर्षांमागं मी पारावर अकरा सांगितले. चहा संपला, विषय संपला, असं मला वाटलं. चुलत भावानं मात्र तो आकडा घरी नेला. उन्हाळ्यात त्यानं शेजारचं चार एकर ठोक्यानं केलं, आदल्या सालापेक्षा एकरी जास्त पैसे मोजून. मला कळलं तेव्हा नुसता इसार दिलेला होता. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. पण अकराचे सात करायला जीभ वळेना.

दिवाळीत विचारलं, "किती झालं रे?"

म्हणाला, "दहा."

त्याच्या ओसरीतले कट्टे मी आत येता येता मोजले होते (आपण सगळेच मोजतो, उगं नाही म्हणू नका). सातही भरत नव्हते. दोघांनी गुमान फराळ केला.

कृषी सहायक साहेबांना एक विनंती. आमच्या तोंडचा आकडा वहीत लिहू नका, आडत्याची पट्टी मागा. पट्टीला पोराचं लग्न जमवायचं नसतं. आणि मंडळी, अकरावाल्याची फवारणी बघून औषध आणायला पळता, तेव्हा त्याच्याकडंही आधी पट्टीच मागा. मग दुकानाची उधारी किती, तेही विचारा.

माझा यंदाचा हिशोब असा: सव्वातीन एकर, बांध आणि पाण्याचा कोपरा धरून. तीन पट्ट्यांचं निव्वळ वजन 22 क्विंटल 40 किलो. एकरी 6.89.

काल संध्याकाळी पारावर हेच सांगितलं. कुणी काही बोललं नाही. रात्री चुलत भावाचा फोन आला, "दादा, आमच्यापासून तरी लपवू नको. खरं किती झालं?"