स्नायू कोणता? शारीर परिभाषेविषयी थोडेसे

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातील एक प्रसंग येथे मुद्दाम नमूद करतो, कारण त्यातील चूक माझ्याच चिकित्सालयातील आहे. इंदूरहून मुलाकडे राहावयास आलेले एक वृद्ध मधुमेही गृहस्थ तपासणीस आले. सोबत तेथील वैद्यांची हिंदी चिठ्ठी होती व निदानाच्या जागी ‘स्नायु दुर्बलता’ एवढेच दोन शब्द होते. गर्दीची वेळ होती. स्नायू अशक्त झाले आहेत असे समजून मी अभ्यंग आणि पत्रपिंडस्वेद लिहून दिला. तिसऱ्या दिवशी उजव्या तळपायास मोठा फोड आला. पोटली अधिक तापली होती हे खरे. परंतु ‘भाजते’ असे रुग्णाने एकदाही म्हटले नाही, कारण त्यांच्या तळपायांची संवेदनाच हरपली होती. इंदूरच्या वैद्यांना ‘स्नायु’ या शब्दाने चेतातंतू अभिप्रेत होते. जखम भरून येण्यास पाच आठवडे लागले.

मधुमेही रुग्णाच्या पायांची संवेदना स्वतः न तपासता स्वेदन लिहून देणे हा माझा दोष. त्याचे खापर मी शब्दावर फोडणार नाही. तथापि त्या दिवसापासून आपल्या शारीर परिभाषेकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, ९०० स्नायू सांगितले आहेत व त्यांचे प्रतानवती, वृत्त, पृथु आणि सुषिर असे चार प्रकार केले आहेत. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नौका जसा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार पेलते, असा तेथील दृष्टान्ताचा आशय आहे. म्हणजे संहितेतील स्नायू हा बांधणारा दोर आहे. आधुनिक भाषेत लिगामेंट व टेंडन यांच्या तो जवळ जातो. मांसाच्या ५०० घटकांस त्याच अध्यायात ‘पेशी’ म्हटले आहे. मराठीत मात्र मसलला ‘स्नायू’ आणि सेलला ‘पेशी’ हे शब्द शालेय पुस्तकांपासून रूढ झाले. हिंदीत मसल म्हणजे ‘मांसपेशी’, सेल म्हणजे ‘कोशिका’, आणि ‘स्नायु’ हा शब्द बहुधा नर्व्हसाठी योजला जातो, बंगालीतही तसेच. शब्द एकच, सुश्रुताचा दोर, मराठीचे मांस आणि हिंदीची चेता असे त्याचे तीन अर्थ.

‘मज्जा’ची स्थिती याहून वेगळी नाही. आपल्या दृष्टीने मज्जा हा सहावा धातू व त्याचे स्थान अस्थींच्या पोकळीत. परंतु मराठीत नर्व्हस सिस्टिमला ‘मज्जासंस्था’ व नर्व्हला ‘मज्जातंतू’ म्हणण्याचा प्रघात पडला. ‘चेतासंस्था’ हा अधिक निर्दोष शब्द आता प्रचारात असला, तरी जुना शब्द गेलेला नाही. परिणामी ‘मज्जेचा विकार’ म्हटले की वैद्य हाडांकडे पाहतो आणि रुग्ण मेंदूची काळजी करू लागतो. ‘कंबरेत शीर दबली’ असे सांगणाऱ्या रुग्णास नर्व्ह म्हणावयाची असते. आपण ‘सिरावेध’ म्हणतो तेव्हा वेध घेतो तो शिरेचा, म्हणजे व्हेनचा.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. संहितेतील शब्दच प्रमाण, बाकी सर्व भ्रष्ट, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे. तर शारीर इंग्रजीतच शिकावे व संस्कृत संज्ञा इतिहासापुरत्या ठेवाव्यात, असे काही तरुण वैद्यांचे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. चरकाने अस्थी ३६० मोजल्या, सुश्रुताने ३००, आणि आधुनिक शास्त्र प्रौढ शरीरात २०६ मोजते. यात केवळ चूक-बरोबर शोधणे व्यर्थ आहे, कारण मोजण्याची व्याख्याच भिन्न आहे. चरकाने दात, दातांची उखळे व नखेही अस्थींत धरली. सुश्रुताने दातांस ‘रुचक’ व कूर्चेस ‘तरुण’ असे अस्थींचेच प्रकार मानले. व्याख्या न सांगता संज्ञा जुळवली की गणित चुकणारच.

पाश्चात्त्य शास्त्रही या अडचणीतून गेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे ५,००० शरीररचनांसाठी जवळपास ५०,००० नावे वापरात होती. १८९५ मध्ये बाझेल येथे त्यांची पहिली सर्वमान्य सूची ठरली. ‘आर्टरी’ हा शब्द तर मृत शरीरातील या नळ्या रिकाम्या दिसल्याने त्यांत वायू असतो, या समजुतीच्या काळातला. समजूत गेली, शब्द राहिला, अर्थ मात्र सर्वांनी मिळून निश्चित केला. आपला ‘धमनी’ शब्दही फुंकण्याच्या, भरून स्पंदण्याच्या क्रियेवरूनच आला आहे. शब्द जुना असणे हा दोष नव्हे. त्याचा अर्थ ठरलेला नसणे हा दोष होय.

या दिशेने आयुर्वेदातही कार्य झाले आहे. गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथात प्राचीन संज्ञांची आधुनिक रचनांशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. आयुर्वेदीय निदानांच्या संकेतांकांसाठी २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टल सुरू झाले. परंतु हे संकेतांक आपल्या रोजच्या चिठ्ठीपर्यंत आणि औषधाच्या वेष्टनापर्यंत पोहोचल्याशिवाय रुग्णास त्यांचा उपयोग नाही.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, रुग्ण दुसऱ्या वैद्याकडे पाठविताना संहितोक्त संज्ञा अवश्य लिहावी, पण शेजारी अभिप्रेत रचना ‘नर्व्ह’, ‘मसल’, ‘लिगामेंट’ अशी देवनागरीत स्पष्ट करावी. त्यात कमीपणा नाही. दुसरी, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांस रचनाशारीर व क्रियाशारीर शिकविताना स्नायू, पेशी, सिरा, धमनी, मज्जा आणि क्लोम या सहा शब्दांचे संहितेतील, मराठीतील व हिंदीतील अर्थ एकत्र मांडून दाखवावेत. क्लोमाविषयी तर मतभेद आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

तिसरी सूचना औषधनिर्मात्या व औषधालय चालविणाऱ्या बंधूंना. हिंदी माहितीपत्रकाचे मराठी करताना ‘स्नायु’ हा शब्द उचलून तसाच ठेवला जातो आणि चेतातंतूंसाठी असलेले औषध ग्राहक अंगदुखीवर घेऊन जातो. पत्रक छापण्यापूर्वी एखाद्या शारीरज्ञ वैद्याच्या नजरेखालून घालण्यास अर्धा तास पुरतो.

ते गृहस्थ बरे होऊन इंदूरला परत गेले. जाताना माझ्याकडून त्यांनी नवी चिठ्ठी लिहून घेतली. त्या वेळी ‘स्नायू’ हा शब्द मी टाळला. ‘दोन्ही तळपायांस संवेदना नाही, उष्ण उपचार करू नये’ असे सरळ लिहिले. आपल्या परिभाषेचा अभिमान मला आहेच. तो बाळगताना रुग्णाची त्वचा भाजू नये, एवढीच अपेक्षा.