आत्मा पिणारी तलवार

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ साली 'डंजन मास्टर्स गाइड'च्या शेवटी एक यादी जोडली: परिशिष्ट 'एन'. खेळ रचताना कुठलं वाचन कामी आलं, याची ती सरळ कबुली. हा अंक जुळवताना ती आमच्या टेबलावरच पडून होती.

तिच्यातला जॅक व्हान्स घ्या. 'द डाइंग अर्थ'मध्ये (१९५०) सूर्य विझायला आलाय आणि जादूगाराच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात. मंत्र म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने ही कल्पना उचलली, म्हणून तर आपला जादूगार सकाळी मंत्र निवडताना वाण्याच्या दुकानात यादी घेऊन उभा राहिल्यासारखा घुटमळतो. मायकेल मूरकॉकचा एल्रिक याहून काळा. राजा अशक्त, बळ देते ती तलवार, आणि ती मित्रांचेही आत्मे पिते.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक साहसांत मात्र काळोख म्हणजे रक्त, कवट्या आणि धुकं. (कवट्यांचा तर आता कंटाळाच आलाय.) त्यानं कुणी दचकत नाही. 'कॉल ऑफ कथुलू' या खेळात (१९८१) निषिद्ध ग्रंथ वाचला की ज्ञान वाढतं आणि मनाचा तोल दाखवणारा आकडा घसरतो. तो खेळाडूला स्वतःच्या हातानं खोडावा लागतो. खोडताना पेन्सिल क्षणभर अडते, ती जागा आम्हाला हवी होती.

या अंकात तशी तीन साहसं आहेत. पहिल्यात राक्षस नाही, सावकार आहे.