भीती मनोऱ्याची, की अज्ञानाची?

'फाइव्ह जी' म्हणताच पुष्कळांच्या भुवया उंचावतात. वस्तुतः 'जी' म्हणजे जनरेशन, पिढी. तो प्रारणाच्या तीव्रतेचा आकडा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'संभाव्य कर्करोगकारक' गटात घातले, हे खरे. तेव्हा काळजी करणाऱ्यांना हसू नये. परंतु गच्चीवरचा मनोरा हटवा म्हणून अर्ज करणारे आपण, फोन मात्र तासन्‌तास कानाला लावतो! मनोरा दूर गेला, की संकेत क्षीण होतो आणि हाच फोन अधिक जोराने लहरी फेकतो.

डोक्याने शोषलेल्या ऊर्जेची भारतातील मर्यादा किलोग्रॅममागे १.६ वॅट आहे. फोनवर *#०७# दाबा, आपल्या यंत्राचा आकडा दिसेल. मित्रहो, भ्यायचेच तर निदान मोजून भ्यावे!