बटण दाबले: हुकूम की विनंती?

संगणकाचे बटण म्हणजे पंख्याच्या बटणासारखेच एक, असा पुष्कळांचा समज असतो. एके काळी तो खराही होता. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीला बाजूस मोठा लाल खटका असे. तो पाडला की वीज तुटे. ऑपरेटिंग सिस्टीमला कोणी विचारीत नसे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटण केवळ इशारा देणारे झाले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले, आणि त्या इशाऱ्याचे काय करायचे ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवू लागली. हुकमाची विनंती झाली. ही विनंती तिने कशी मानावी, हा खरा प्रश्न आहे.

चिचोंड्याहून घाट उतरून तिगाव स्टेशनाकडे येणारी मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. ड्रायव्हरला आधी पिवळा सिग्नल दिसतो, तो वेग आवरतो, मग तांबड्यापाशी गाडी उभी राहते. चालत्या संगणकाचेही तसेच आहे. आपण टाइप केलेला मजकूर आधी मेमरीत असतो, डिस्कवर मागाहून उतरतो. मध्येच वीज तुटली तर फाइलींची मांडणी आजच्या व्यवस्थेत बहुधा शाबूत राहते. पण जे जतनच झाले नव्हते, ते परत येत नाही.

म्हणून काहींचे म्हणणे असे, की बटण दाबताच 'खरोखर बंद करू का?' असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण आपल्या खेड्यापाड्यांचा विचार करा. वीज गेली आहे, मॉनिटर काळा पडला आहे, यूपीएसची बॅटरी शेवटच्या घटका मोजते आहे, आणि आत एखाद्या शेतकऱ्याचा अर्धा भरलेला अर्ज आहे. अशा वेळी पडद्यावरचा प्रश्न कोण वाचणार? वाट पाहता पाहता बॅटरी संपेल आणि ज्या नुकसानीपासून वाचायचे तेच पदरी पडेल.

माझ्या मते नियम सरळ असावा. बटण दाबताच 'ऐकले' अशी खूण मिळावी, आणि ती पडद्यावरच नव्हे तर आवाजानेही. चुकून हात लागला असेल तर रद्द करायला थोडे सेकंद द्यावेत. मौन मात्र संमती समजावी. चालू प्रोग्रॅमना काम आवरायला ठरावीक मुदत मिळावी, पण एकाच्या हट्टापायी सारे यंत्र अडून राहू नये. लिनक्समध्ये आज पुष्कळ ठिकाणी हीच रीत आहे: आधी प्रोग्रॅमला आवरण्याची सूचना, मुदत संपली की सक्तीने बंद. आणि यंत्र अगदीच गोठले, तर बटण सुमारे चार सेकंद दाबून धरून वीज तोडण्याचा अखेरचा हक्क माणसाकडेच राहावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या प्रोग्रॅम लिहितील. सारा भार ऑपरेटिंग सिस्टीमवर टाकू नका. माणसाचे काम घडोघडी आपणहून जतन करणारा प्रोग्रॅम लिहा, म्हणजे बटणाला कोणी भिणार नाही.